कुंकू लागलेले भाग

सुदर्शनने आयुष्यात दोनच निर्णय कुणाला न विचारता घेतले. पहिला मिशी ठेवण्याचा. तो मंजुषाने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी रद्द केला. दुसरा, वडिलांचं खरादाचं मशीन वैजापूरहून शहरात, पुंडलिकनगरच्या घरी आणण्याचा. तोही रद्दच व्हायचा, पण मंजुषाला कळलं तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि ड्रायव्हर हमाली मागत होता.

सुदर्शनचे वडील म्हणजे कारभारी मिस्त्री. फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्यांनी काय काय वळवलं नव्हतं? बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी. वैजापुरात आजही कुणाची पोळी गोल झाली की लाटणं कारभारीचं असणार, असं म्हणतात. (निदान भागूबाई आत्या तरी म्हणते. ती कारभारींची सख्खी बहीण.) मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारले. यंदा दुकानाच्या मालकाने जागा मागितली, आणि आत्याने फोन केला की मशीन उद्या भंगारवाला नेतोय. सुदर्शन ऑफिसात बसून एका अर्जाला टाचणी टोचत होता. ती त्याच्या बोटात गेली आणि तोंडातून निघालं, "थांब, मी नेतो."

त्या बोटाचंच खरं दुखणं होतं. सुदर्शन दहावीत असताना वडिलांनी चारचौघांत निकाल दिला होता, "ह्याला हापिसात चिकटवा. ह्याच्या हातात पटाशी दिली तर लाकडाच्या आधी बोट जाईल." त्याप्रमाणे त्याला चिकटवण्यात आलं. सव्वीस वर्षं तो सरकारी कचेरीत शिक्के मारतोय आणि सव्वीस वर्षं ते वाक्य त्याच्या मनात ठसठसतंय. म्हणून त्याला फार काही नको होतं. वडिलांच्याच मशीनवर, स्वतःच्या हाताने, एक लाटणं वळवायचं होतं. ते आत्याच्या हातात ठेवून म्हणायचं होतं, बघ.

मंजुषाला मात्र जागा हवी होती. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ब्लाउज शिवते. गळ्यात माप घ्यायची टेप सकाळी चढते ती जेवतानाही उतरत नाही. मशीन नेमकं तिच्या गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर येऊन बसलं होतं. तिने मशीनभोवती एक फेरी मारली, टेपने त्याची लांबी मोजली आणि मुदत दिली. खंडेनवमीला फिरलं तर राहील. नाही फिरलं तर दसऱ्याला ते भंगारवाल्याला सोनं म्हणून वाटून टाकीन, असं ती म्हणाली. मंजुषा बोलते ते करते, हे मिशीला माहीत होतं.

मशीन तसं साधं होतं. सागाच्या जाड पाटावर एका बाजूला लाकूड फिरवणारं डोकं, दुसऱ्या बाजूला त्याला धरून ठेवणारं टोक, मध्ये पटाशी टेकवायला टेकू. पण मशीनबरोबर एक गोणीही आली होती. सुदर्शनने ती शेडमध्ये पालथी केली तेव्हा दोन गिऱ्हाइकं ब्लाउजची कापडं तशीच टाकून रस्त्यावर गेली. आत चकत्या होत्या, कड्या होत्या, दांडे होते, आणि ज्याला नुसतं लोखंड म्हणावं असंही बरंच काही होतं.

दुसरा माणूस घाबरला असता. पण सुदर्शन कारकून होता, आणि ढिगाला कारकून घाबरत नाही. त्याने प्रत्येक तुकड्याला सुतळीने चिठ्ठी बांधली, अनुक्रमांक टाकला आणि वहीत दोन रकाने पाडले, 'ओळख पटलेले' आणि 'ओळख न पटलेले'. पहिल्या रकान्यात आठ दिवसांनी एकच नोंद होती. तो पाना होता, आणि तो मशीनचा नव्हता.

मग त्याने फोटो काढून वैजापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकले. एकाने क्रमांक सात ही तोफेची कडी असल्याचं कळवलं. दुसऱ्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. छावणीच्या आठवडी बाजारात एका जुन्या लोखंडवाल्याने सगळे फोटो नीट पाहिले आणि किलोचा भाव सांगितला.

शेवटी उलगडा सुदर्शनला स्वतःलाच झाला, तोही ऑफिसच्या वेळेत. काही तुकड्यांवर लालसर पुटं होती. त्याला तो गंज वाटला होता, पण नखाने खरवडल्यावर लक्षात आलं की ते कुंकू आहे. आणि एकदम त्याला लहानपणीची खंडेनवमी आठवली. दुकान धुऊन काढलेलं, झेंडूची माळ घातलेलं मशीन, त्याच्यापुढे ओळीने मांडलेली हत्यारं, प्रत्येकाला हळदकुंकू लावणारे वडील. आणि संध्याकाळी त्यांनी सुदर्शनला सांगितलेलं एकुलतं एक काम, "कुंकू लावलेलं समदं उचलून ठेव."

झालं. ज्याला कुंकू तो भाग आपल्या मशीनचा. बाकीचं भंगार. असे चार भाग निघाले. एक भोक पडलेली जाड चकती, एक खोबणीचं चाक, एक गंजून मिटलेला चिमटा आणि एक वीतभर लांब लोखंडी दांडा, ज्याचं एक टोक निमुळतं होतं आणि दुसऱ्याला कडी. या दांड्यावर तर कुंकवाची एवढी पुटं होती की खालचं लोखंड शोधावं लागलं. ज्याची एवढी पूजा झाली तो मशीनचा जीवच असणार, असं सुदर्शनने ठरवलं. वहीत त्याने लिहिलं, 'मुख्य भाग'.

मशीनची जळालेली मोटार नव्या तारेने भरून द्यायला मुश्ताकभाई आले. चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या मोटारी भरल्या होत्या. त्यांनी मशीन पाहिलं, मग चार भाग पाहिले, मग सुदर्शनकडे पाहिलं.

"साब, मशीन तो पूरी है," ते म्हणाले. "ये चार चीजां काय के वास्ते लगा रहे?"

सुदर्शनने त्यांना कुंकवाचा पुरावा समजावून सांगितला. मुश्ताकभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की, ठीक आहे, पण चालू करताना मला बोलवा, आणि मी दाराजवळ उभा राहीन.

पुढचा महिनाभर सुदर्शनने त्या चार भागांना जागा शोधली. चकती डोक्याच्या दांड्यावर अडकवली. चाकावरून पट्टा फिरवला. चिमटा टेकूला आवळला. मुख्य भागासाठी मात्र मशीनवर जागाच नव्हती, तेव्हा त्याने सागाच्या पाटाला भोक पाडलं आणि तो मधोमध ठोकून बसवला. वडिलांनी चाळीस वर्षांत ज्या पाटाला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्या पाटाला.

खंडेनवमीला वैजापूरहून जीप आली. भागूबाई आत्या आली, दुकानाशेजारचे पिठाच्या गिरणीवाले आप्पासाहेब आले आणि दुकानासमोरच्या घरातल्या सरूबाई आल्या. मंजुषाने मशीनला माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांना पेढे दिले. सुदर्शनने लाटण्याचं लाकूड चढवलं, पटाशी हातात घेतली आणि मुश्ताकभाई दाराजवळ गेल्याची खात्री न करताच बटण दाबलं.

मशीन आधी कण्हलं. मग थरथरलं. मग त्याने चालायला सुरुवात केली. खरादाचं मशीन चालतं म्हणजे फिरतं, असा आपला समज असतो. हे खरोखरच चालत शिलाई मशीनच्या दिशेने निघालं. माळेतले झेंडू चहूकडे उडाले. लाटण्याचं लाकूड सुटलं, शेडबाहेर गेलं आणि समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर त्याचा असा आवाज झाला की गल्लीतल्या लोकांना वाटलं, टाकी फुटली. पाठोपाठ चकती निसटून आप्पासाहेबांच्या पायाशी आली, चाक घरंगळत सरूबाईंपुढे आडवं झालं आणि चिमटा आत्याच्या ओच्यात पडला. मुश्ताकभाईंनी दाराजवळचं मेन स्विच खाली ओढलं. त्यासाठीच ते तिथे उभे होते.

बोटं दहाच्या दहा शाबूत होती. सुदर्शनने ती दोनदा मोजली. पण मंजुषाचं तोंड पाहून त्याला वाटलं, उद्या भंगारवाल्याबरोबर आपणही जाणार.

आप्पासाहेबांनी चकती उचलली, चष्म्याजवळ नेली आणि कुंकू पुसलं. "ही माझ्या गिरणीची हाय," ते हळूच म्हणाले. "ही हरवली तव्हा गिरणी अठरा दिवस बंद व्हती. लोक दळण घिऊन गंगापूरला जायचे."

सरूबाईंनी चाक ओळखलं. ती त्यांच्या विहिरीची गडगडी होती. ती जावेनं चोरली म्हणून त्या पंचवीस वर्षं जावेशी बोलल्या नव्हत्या, आणि आता जाऊ वारली होती. "आता कुणाशी बोलू?" त्यांनी सुदर्शनला विचारलं. आत्याच्या ओच्यात तिच्या सासूचा अडकित्ता होता. तो हरवल्यापासून सासूने तिला मरेपर्यंत टोमणे मारले होते.

मग आत्यानेच कोडं सोडवलं. वैजापूरच्या त्यांच्या गल्लीत पूजा मोठी व्हायची ती कारभारीचीच. त्यामुळे आपापलं लोखंड आणून जो तो त्या ओळीत ठेवायचा, कुंकू लागलं की संध्याकाळी घरी न्यायचा. एका वर्षी लोक न्यायला आले तेव्हा ओळीत काही नव्हतं. कुंकू लावलेलं सगळं कुणीतरी उचलून ठेवलं होतं.

सुदर्शन पेढ्यांच्या ताटाकडे बघत राहिला. लहानपणी केलेली चूक त्याने या वर्षी चिठ्ठ्या बांधून, अनुक्रमांक टाकून पुन्हा केली होती.

"दादाला पुढं गोणीत घावलं समदं," आत्या म्हणाली. "पर तवर लई भांडणं झाल्ती. पोराला लोक हसतील म्हून बोलला नाय कुणाला. गोणी माळ्यावर टाकली आन् गप बसला."

सुदर्शनला निकम्मा ठरवणाऱ्या माणसाने त्याच्यासाठी एवढी मोठी गोष्ट आयुष्यभर पोटात ठेवली होती. त्याला वडिलांची फार आठवण आली आणि तो ती लपवायला मशीनवर वाकला.

एव्हाना मुश्ताकभाईंनी पट्टा सरळ केला होता, दुसरं लाकूड चढवलं होतं. बटण दाबलं. मशीन असं फिरलं की आवाज ऐकायला कान द्यावा लागला. सुदर्शनने पटाशीकडे हात नेला, पण आत्याने ती आधीच उचलून मंजुषाच्या हातात दिली होती. "तू धर सूनबाई. तुझा हात कापडावर बसलाय." अर्ध्या तासात मंजुषाने लाटणं काढलं. ते सरळ होतं, गुळगुळीत होतं, आणि सुदर्शनला ते हातात घेऊन "छान आहे" म्हणावं लागलं.

मशीन राहिलं, एवढं समाधान होतं. आणि मुख्य भागही राहिला होता. एवढ्या हादऱ्यात पाटाच्या मधोमध तो एकटाच जागचा हलला नव्हता. सुदर्शनने त्याच्याकडे बोट दाखवलं. हा तरी आपल्या मशीनचाच ना, असं त्याने विचारलं.

आप्पासाहेब वाकले. "बैलाचा खुंटा वाटतो."

"आमच्या घरात बैल कधीच नव्हता," सुदर्शन जरा ताठ होऊन म्हणाला.

"बैल नव्हता," आत्या म्हणाली, "तू व्हतास. रांगत रांगत मशीनकडं जायचास. मंग दादानं दुकानात ह्यो खुंटा ठोकला. तुझ्या आईच्या लुगड्याचा काठ कमरेला बांधायचा आन् कडीत अडकवायचा. दर खंडेनवमीला पयलं कुंकू ह्यालाच. म्हणायचा, ह्याच्यामुळंच मशीन टिकलं."

कुणी हसलं नाही. मुश्ताकभाई तेवढे पाठमोरे झाले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

मंजुषाने खुंट्याला पुन्हा हळदकुंकू वाहिलं, तो पाटातून उपटला आणि शेडच्या दाराजवळ जमिनीत कुठे बसेल ते पाहिलं. मग ती घरात जाऊन हातोडी घेऊन आली, आणि गळ्यातली टेप काढून सुदर्शनला म्हणाली, "हात वर करा. कंबर मोजायची आहे."