वाक्यतोडे नाना

जालिंदरनानांसमोर उभं राहून कुणी आपलं वाक्य शेवटापर्यंत नेलंय, असं आमच्या बेदाणा शेडवर आजवर घडलेलं नाही. तुम्ही तोंड उघडायचं, दोन-तीन शब्द बाहेर पडू द्यायचे, की नाना पंजा वर करून म्हणतात, "मुद्दा समझ गया!" आणि उरलेलं वाक्य स्वतः पुरं करतात. ते वाक्य तुमचं नसतं. पण नानांनी पुरं केलं म्हणजे ते तुमचंच, असा तिथला कायदा.

कवठे महांकाळच्या बाहेर माळावर आमची शेड आहे. मी तिथं वजनकाटा सांभाळते आणि नाना मॅनेजर. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. मी रजा मागायला गेले.

"नाना, उद्या माझ्या भावाच्या..."

"लग्नाला जायचंय. मुद्दा समझ गया. जा, खुशाल जा."

"लग्न नव्हं नाना, त्याच्या पायाचं..."

"पायाचं! घराचा पाया खणताय व्हय? लय झ्याक! मग मी येतो की नारळ फोडायला."

भाऊ मोटारसायकलवरून पडला होता. त्याच्या पायाचं ऑपरेशन होतं. तो प्लास्टर घालून घरी आला आणि दोन दिवसांनी नाना खरोखरच नारळ घेऊन दारात उभे! पलंगावरचा तो पांढरा पाय त्यांनी नीट न्याहाळला, जराही ओशाळले नाहीत, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. जाताना भावाला म्हणाले, "पाया मजबूत पायजे."

नाना मूळचे औंधकडचे. बायकोचं माहेर आमच्या भागातलं म्हणून फौजेतून पेन्शनवर आल्यावर इकडं राहिले. फौजेत ते सिग्नलला होते, म्हणजे दुसऱ्याचा निरोप शब्द न शब्द ऐकून पुढं कळवायच्या खात्यात. आपल्या देशाच्या सीमा अजून जागच्या जागी आहेत, याचं मला त्यामुळं फार नवल वाटतं. नाना स्वतः मात्र शपथेवर सांगतात, "आई यमाईची आण, माझा एक मेसेज कधी चुकला न्हाई." नसेलही चुकला. मेसेज पाठवणाऱ्यांना कुणी विचारलंय?

फोनवरही तीच तऱ्हा. आम्ही पाठवलेला व्हॉइस मेसेज ते अर्ध्यावर बंद करतात आणि उत्तराला स्वतःचा लांबलचक मेसेज धाडतात. तो मात्र आम्हाला पुरा ऐकावा लागतो, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर प्रश्न असतात.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी नाना सगळ्यांना शेडपुढं गोळा करतात. स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर, आम्ही जमिनीवर. "आपण टीम हाय," ते सांगतात. "टीममध्ये बोलणं दोन्ही बाजूनं पायजे." बेदाणा निवडणाऱ्या बायकांची पुढारी पारूबाई, ती आटपाडीकडची, जिभेला धार असलेली. ती पदराआड म्हणते, "दोन्ही बाजू म्हंजी ह्यांची डावी आन् उजवी."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात तो पडद्याचा प्रकार झाला.

बेदाणा कसा करतात ते माहीत नसलं तर सांगते. द्राक्षं जाळीच्या उंच रॅकवर पसरून वाळवतात. रॅकला चहूकडून प्लास्टिकचे जाड पडदे असतात. एरवी ते गुंडाळून वर बांधलेले, पाऊस आला की सोडायचे. वाळत आलेला बेदाणा भिजला की काळा पडतो, चिकटतो, मग त्याला कुत्रंही विचारत नाही. रॅकवर चढून माल पसरायचं काम बिराचं. पारूबाईच्या गावचाच, शांत गडी. तो एक दिवस नानांकडं आला.

"नाना, मागच्या रॅकचा पडदा हाय न्हवं, त्यो उंदरानं..."

"उंदराचं औषध पायजे. मुद्दा समझ गया. संध्याकाळपातूर आणतो."

आणलं. नाना शब्दाला पक्के, फक्त शब्द त्यांचाच असतो. दुसऱ्या दिवशी पारूबाई गेली. तिनं दोन्ही हात फाकून भोकाचं माप दाखवलं. "आवं नाना, मागच्या बाजूला हे एवढं..."

"एवढा मोठा उंदीर? मग डबल औषध टाकू!"

शेवटी मी गेले. मला वाटलं, मी शिकलेली, मला जमेल. "नाना, मागच्या पडद्याचं असं झालंय की..."

"की त्यो मळलाय. मला दिसतंय सगळं. हंगाम संपला की धुवायला काढू."

त्याच आठवड्यात वळीव आला. दुपारी ढग भरून आले, वारं सुटलं आणि आम्ही सगळे पडदे सोडायला पळालो. बाकीचे पडदे धडाधड खाली आले. मागचा खाली आला, तर त्यात माणूस आत-बाहेर करील एवढं भगदाड. वारा त्यात शिरला आणि तेवढा पडदा दोरीसकट वर गेला. बिरा रॅकवर चढून त्याला ओढत होता. बायका हातातल्या पाट्या, पोती, डोक्यावरची फडकी जाळीवर टाकत होत्या. नानांनी खालचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. भिजून चिंब झाले होते आणि जोरजोरात हुकूम सोडत होते. त्या वाऱ्यात त्यांचंही एकसुद्धा वाक्य पुरं ऐकू येत नव्हतं. मला त्याही परिस्थितीत बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मागचा रॅक गेला. मालक आले, काळा बेदाणा मुठीत धरून बघितला आणि नानांना सगळ्यांदेखत म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत बघतो. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस आणीन." नाना काहीतरी बोलायला गेले, पण मालकांनी त्यांना बोलू दिलं नाही.

मालक गेल्यावर नाना आमच्याकडं वळले. आवाज बसला होता. "पडदा फाटलाय, हे मला कुणीच का सांगितलं न्हाई?"

पारूबाईनं धीर केला. "आवं, सांगाय आलं की तुमी आमाला..."

"भ्या वाटतं! मुद्दा समझ गया." नानांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मला भिऊ नका गं. मी काय वाघ हाय?"

पारूबाई काळा बेदाणा पोत्यात भरायला वळली.

त्यानंतर आमच्या टोळीनं आपल्यापुरता उपाय काढला. नाना पहिले दोन-तीनच शब्द ऐकतात ना, मग कामाचं असेल ते आधी. क्रियापद पुढं, बाकीचं मागं. "जळली! मोटर." "संपलं! डिझेल." "मेली! म्हस माझी, सुट्टी द्या." काही दिवसांत शेडवरची मराठी अशी उलटी फिरली, की पारूबाई घरीही "जेवा! झालं, सैपाक," असं म्हणू लागली आणि तिच्या नवऱ्याला वाटलं बाईला काहीतरी झालं. ज्यांना हे जमेना, त्यांनी सांगायचंच सोडलं. कामं व्हायची, पण नानांच्या पाठीमागं. पोरगं आजारी असलं तर बायका मला सांगायच्या, शिडी मोडली तर बिरा स्वतःच ठोकायचा. नाना खुर्चीवर बसून टीम चालवत होते आणि टीम शेडच्या मागं चालत होती.

मालकांना याचा वास लागला असावा. त्यांनी पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक बोलावला. इस्त्रीचा शर्ट, कानापाशी माइक. आम्हाला गोल बसवून तो म्हणाला, "लीडर म्हणजे कोण? लीडर म्हणजे जो आधी ऐक..."

"ऐकवतो!" नाना म्हणाले. "बरोबर हाय. पुढं?"

"नाही सर, मला असं म्हणायचंय की समोरच्याला आपण संपूर्ण..."

"संपूर्ण माहिती द्यावी. मुद्दा समझ गया. लिहून घ्या रं सगळ्यांनी."

तासाभरानं त्या पोराच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यानं एक खेळ काढला. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं मनातलं काहीही बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. त्यानं नानांसमोर बिराला बसवलं आणि नानांना हात जोडून विनंती केली, "सर, प्लीज. एक शब्दही नाही."

नानांनी ओठ मिटले, गुडघ्यावर मुठी आवळल्या. सगळी शेड बघत होती.

बिरा म्हणाला, "नाना, मला तुमाला..."

आणि थांबला. नानांकडं बघत राहिला. नाना गप्प. बिरानं पारूबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बोला ना," प्रशिक्षक म्हणाला. "बोला, पुढं बोला."

"मला फुडचं येत न्हाई," बिरा म्हणाला. "फुडचं नाना म्हणत्यात."

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. प्रशिक्षकानं लॅपटॉप मिटला. नाना मात्र हसले नाहीत. ते उठले आणि काहीतरी बघायचं निमित्त करून शेडच्या मागं गेले.

बदल झाला का? नाही. दुसऱ्या सकाळपासून पुन्हा पंजा वर, पुन्हा मुद्दा समझ गया. हंगाम संपला. मालकांनी तरीही दुसरा माणूस शोधून पाहिला, पण त्या उजाड माळावर यायला कुणी तयार होईना. नाना राहिले.

मग एका रविवारी माल न्यायला सांगलीचा ट्रक अचानक आला. गोदामाची चावी नानांकडं आणि रविवारी नाना फोन उचलत नाहीत. मालक मला म्हणाले, "तू जाऊन घेऊन ये." इतकी वर्षं एकत्र काम करून नानांच्या घरी मी कधी गेले नव्हते. घरचं कुणी विचारलंच तर "घरी सगळं ओके" हे उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं.

मळ्यातलं दोन खोल्यांचं घर. दार उघडं होतं. आत नाना पाटावर बसले होते, पुढं खाटेवर उशीला टेकून त्यांची बायको, मालनकाकू. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मी दारात दिसताच काकूंचे डोळे हलले. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. ओठ थरथरले.

"द..."

नाना काही बोलले नाहीत. मला डोळ्यांनीच बस म्हणाले.

"द... द..."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. काकूंच्या कपाळावरची शीर फुगली. मला बघवेना. त्या दाराकडं बघतायत असं वाटून मी म्हणाले, "दार लावू का, का..."

"थांब," नाना हळूच म्हणाले. "तिचं तिला म्हणू दे." मग माझ्याकडं न बघता आणखी हळू आवाजात म्हणाले, "झटका आला तवापासून शब्द घावत न्हाईत तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमी दिऊ नका. तुमी दिलं तर ती हुडकायचं सोडंल."

आम्ही थांबलो. नानांचे ओठ मिटलेले होते, पण गळ्याची घाटी वर-खाली होत होती. नजर बायकोच्या तोंडावरून हलत नव्हती. इतकं लक्ष देऊन कुणाचं काही ऐकणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही.

"दही," काकू म्हणाल्या. "दही... दे. तिला."

नाना मांडीवर थाप मारून हसले. "बघ! मला बी दारच वाटलं हुतं. रोज चुकतो गड्या मी. एक दिस बरोबर येत न्हाई." ते आतून वाटीभर दही घेऊन आले, वर साखर घातली, चमचा ठेवला आणि वाटी माझ्या हातात दिली. काकू अर्ध्या तोंडानं हसत होत्या.

माझा फोन वाजला. ट्रकवाला होता. तेवढ्यात काकूंनी वाटीकडं बघितलं आणि त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले. नाना पुन्हा पाटावर बसले.

मी फोन बंद केला आणि हातातला चमचा तसाच धरून थांबले.