ज्योती न्हाई हितं कोणी

सत्यशीला तान्ह्या सेवाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होती आणि मनात हास्केल घोकत होती. हास्केल ही कॉम्प्युटरची भाषा, पण कॉलेजात शिकलेल्या भाषांहून निराळी. तिच्यात एखाद्या गोष्टीला एकदा नाव दिलं की दिलं, मागाहून बदल नाही. आणि कोणी उत्तर मागेपर्यंत ती हिशेबाला हातच लावत नाही.

"म्हंजी आमच्या प्रभूवानी," सासूबाई कौशल्याबाई आपल्या लेकाबद्दल म्हणाल्या होत्या. "धा बार मागितल्याबिगर हालायचं न्हाई."

पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देणार होती. आज दुपारी फोनवर मुलाखत. कामाची ओढ तर होतीच. पण खरी ओढ कोणाला सांगण्यासारखी नव्हती. पदवी लग्नाआधीची, म्हणून अर्जात तिनं माहेरचं नाव घातलं होतं: ज्योती. प्रभूनं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सत्यशीला' लिहिलं, तेव्हापासून ती हाक कानावर आली नव्हती. माहेरीसुद्धा आता ती सेवाची आई. एखादं परकं माणूस का होईना, एकदा ज्योती म्हणेल!

शिरड शहापुरातल्या त्या घरात रेंज फक्त ओसरीच्या खिडकीत येई. तिथला मोबाइल वेळेआधीच वाजला. सत्यशीलाचे हात साबणात, आणि सेवाच्या नाकात पाणी जाईल या धास्तीनं डोळे तिच्यावर.

"आत्याबाई, तेवढा घ्या!"

"कोण? ज्योती? ज्योती न्हाई हितं कोणी. प्रभू, ज्योती कोण रं?"

"राँग नंबर असंल," नवरा गोठ्यातून ओरडला. फोन बंद.

सत्यशीला ओलं लेकरू कडेवर घेऊन धावत आली. "अहो, मीच ज्योती!"

"तू? काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"लग्नाआधीची!"

प्रभूनं जीभ चावली आणि शेताकडं सटकला. मोबाइलवर निरोप आला: संपर्क झाला नाही, संध्याकाळी पुन्हा फोन करू.

"तकलीफ आमच्यापायी झाली. आता बघ, जिभेला सवयच लावते," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि सुरू झाल्या. "ज्योते, चहा ठिव! ज्योते, लेकराचं टोपरं कुठंय?"

शेजारच्या शालूबाई डोकावल्या. "दुसरी सून आणली का काय, कौशल्याबाई?"

सत्यशीलाला पहिली हाक ऐकू यायची. पण ती मुद्दाम दुसरीची वाट बघायची.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा सेवा तिच्या मांडीवर नुकतीच झोपली होती. कौशल्याबाईंनी पदर सावरून फोन उचलला.

"सत्यशीला? न्हाई बा! सत्यशीला न्हाई हितं कोणी. हितं ज्योती हाय!" आणि त्यांनी फोन ठेवून सुनेकडं ऐटीत बघितलं.

तेवढ्यात प्रभू शेतातून आला. "आला का फोन? म्या दुपारीच शेतातून त्यान्ला फोन करून ज्योतीचं सत्यशीला करून घेतलं. म्हणलं, आई पुन्हा घोळ घालंल."

"मुडद्या, मला सांगायचं न्हाई व्हय?"

फोन परत वाजला. सत्यशीला झोपलेल्या सेवाला खांद्यावर टाकून उठली. सासूबाईंनी मागून तिचा पदर ओढला. "आधी त्यान्ला कोण पायजे ते इचार. मग सांग तू कोण हायस ते."

"कोण बोलतंय?" पुण्याच्या मॅडमचा आवाज थकलेला होता.

"ज्योती."

"अहो, ते नाव तर आम्ही दुपारीच काढलं."

प्रभूनं कपाळावर हात मारून घेतला. सत्यशीला खिडकीला आणखी खेटून उभी राहिली.

"मग परत घाला," ती म्हणाली. "आणि विचारा काय विचारायचं ते."