गेनूआबांच्या लाकडी लेकी

तुम्ही घर विकत घ्यायला गेलात आणि विकणाऱ्यानं तुम्हालाच समोर बसवून विचारलं, "तुमच्यात दारू कोण पितं?", तर काय उत्तर द्याल? आधीच विचार करून ठेवा. गेनूआबा फार वेळ देत नाहीत.

त्यांचा पुढचा प्रश्न असतो, "सकाळी दार कोण उघडतं?" त्यापुढचा, "संध्याकाळी उंबऱ्यावर बसायला माणूस हाय का घरात, का सगळे कामाला?" किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी, तेही उभ्याउभ्या, तोंड दुसरीकडे करून. जणू काही लाजिरवाणं बोलावं लागतंय.

आबा जातीनं सुतार, पण नवं लाकूड हातात धरत नाहीत. सणसवाडीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, भाड्यानं घेतलेल्या मोकळ्या जागेत त्यांचा संसार आहे: एक पत्र्याची खोली आणि तिच्याभोवती उतरवून ठेवलेली घरं. खांब एकीकडे, तुळया एकीकडे, मंगलोरी कौलं उभी रचलेली, चौकटी भिंतीला टेकवून. परका माणूस त्याला वखार म्हणतो. तसं म्हटलं की आबा चिडतात. "वखार लाकडाची असती. हे माहेर हाय. ह्या सगळ्या लग्नाच्या हायत."

कारखाने आले तशी सणसवाडीकडं घरं पडायला लागली. बापजाद्यांचं सागवानी घर पाडायचं, तिथं ओळीनं सिमेंटच्या खोल्या काढायच्या आणि बिहार-ओरिसाकडून आलेल्या कामगारांना भाड्यानं द्यायच्या. खोल्या हव्यातच; कामगारानं काय झाडाखाली झोपायचं? पण जुनं घर जेसीबी लावून आडवं करायचं आणि शंभर वर्षांचं सागवान वीटभट्टीत घालायचं, हे आबांना सोसत नसे. कुठं घर पडणार अशी कुणकुण लागली, की ते सायकल हाणत पोचत आणि मशीनपुढं हात पसरून उभे राहत. मशीनवाला पोरगा परमुलखातला. त्याच्यासाठी आबांनी स्वतःची हिंदी तयार केली होती. "ए भैया, हात मत लगाव! लेकी हाय!" पोरगा घाबरून इंजिन बंद करी. त्याला वाटे, आत खरंच मुलगी अडकलीये.

मग आबा घरमालकाकडे वळत. "पाडायचं न्हाई. उतरवायचं." हे त्यांचं पालुपद. पाडणं आणि उतरवणं यांत काय फरक, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "तुझ्या आज्ज्याला घोड्यावरनं पाडशील का उतरवशील?"

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. हायवेवर हॉटेल काढत होते. त्यांना फक्त नक्षीचे खांब हवे होते. बाकीच्या घराचं काय ते तुम्ही बघा, म्हणाले. आबांनी त्यांना चहा दिला, कप खाली ठेवेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "सायेब, तुम्हाला नवरी नको, तिचे दागिने पायजेत. चला, निघा."

आता आमच्या घराचं सांगतो. आमचं घर कासुर्डीला, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या बौद्धवस्तीत होतं. रस्ता रुंद व्हायचा ठरला, मोजणी झाली आणि आमच्या दोन खोल्या रस्त्यात गेल्या. मागं थोडी जागा उरली. आई मजुरी करणारी, वडील गेलेले, आणि मी तालुकाभर सभांना पत्रकं वाटत फिरणारा. माझा रोष व्यवस्थेवर होता, आणि आईचा माझ्यावर. "व्यवस्था नंतर बदल, आदी डोक्यावर छप्पर बघ," असं ती म्हणायची.

आबांचं नाव आम्हाला कुणीतरी सांगितलं. ते एक दिवस आले. वस्तीत शिरताना सगळ्यांना जयभीम घातला, आमची उरलेली जागा पायांनी मोजली आणि आईला बसवून त्यांचे प्रश्न सुरू केले. दारू कुणी पीत नाही. दार आई उघडते. उंबऱ्यावर कोण बसतं या प्रश्नाला आईनं माझ्याकडं बोट केलं. "हा. दिवसभर. वाचत."

"मग बरं हाय," आबा म्हणाले. "वाचणारा माणूस हलत न्हाई. उंबऱ्याला सोबत."

त्यांनी आमच्यासाठी जे घर निवडलं, ते सणसवाडीच्या एका बागायतदाराचं होतं. तीन खणांचं, सागवानी, भिंतीतल्या फडताळासकट. उतरवलेलं घर ट्रॉलीत भरताना ते कुठं जाणार हे मालकाला कळलं, तेव्हा तो गडबडला. म्हणाला, "आबा, आमचं घर... तिकडं?" मी मागंच उभा होतो. 'तिकडं' या शब्दात काय काय भरलेलं असतं, ते आम्हाला नव्यानं शिकावं लागत नाही. अशा घरांच्या अंगणातूनच आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या माघारी फिरली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबाच बोलले.

"लेक दिली की ती सासरची झाली. बापानं मदी बोलायचं न्हाई. तुम्हाला तर भट्टीत घालायची हुती. आता कशाला माया आलीय?"

मालक तोंड फिरवून निघून गेला. त्याची बायको मात्र मागच्या नव्या खोलीतून खण-नारळ घेऊन आली. आबांचा रिवाजच तसा. घर हलवायच्या दिवशी चौकटीची ओटी भरल्याशिवाय ते ट्रॉली सोडत नाहीत. ओटी भरताना बाईचे डोळे भरून आले, तेव्हा आबा खेकसले, "रडू नका, जवळच दिलीय." मग चौकट सगळ्यात पुढं, तोंड सासरकडं करून उभी बांधली, आणि ट्रॅक्टर भीमा ओलांडून आमच्याकडं आला. आईनं उंबऱ्यावर पाणी ओतून घर उतरवून घेतलं. ज्या फडताळात मालकाचे देव होते, तिथं आता माझी पुस्तकं आणि उरलेली पत्रकं आहेत. हे लिहिताना माझी पाठ त्याच घराच्या खांबाला टेकली आहे. माणसांच्या मनातला उंबरा बदलायला किती पिढ्या जातील ठाऊक नाही. लाकडाचा उंबरा मात्र एका माणसानं ट्रॉलीत घालून आमच्या दारात आणून बसवला. त्याचे आभार कसे मानायचे, हे मला कुठल्याच पत्रकात सापडलेलं नाही.

दिवाळी झाली की आबा त्यांच्या सगळ्या 'लेकीं'कडे फेरी मारतात. सोबत एरंडेलाची बाटली. दाराच्या बिजागऱ्यांत तेल घालतात, दार चार वेळा उघडून मिटून बघतात. कुरकुरलं तर घरच्यांकडं संशयानं बघतात. "काय सासुरवास करताय का काय?" पहिल्या फेरीत ते आमच्याकडं आले, अंगणात उभं राहून सगळं केलं. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर मान हलवली. "नको, ताई."

चहा? नको. ओसरीवर तरी बसा? नको.

माझं डोकं फिरलं. घर देतो आणि पाणी घेत नाही! माझ्या पत्रकाचा मथळा मनात तयारही झाला. अशी शंका घेणं चुकीचं नव्हतं. या देशात ती घ्यावीच लागते. पण आईला पत्रकं काढायची सवय नाही. तिनं तोंडावर विचारलं, "आबा, सरळ सांगा. आमचं पाणी तुम्हाला चालत न्हाई का?"

आबांनी दोन्ही कानांना हात लावले. "ताई! तसं असतं तर लेक दिली असती का?" आणि काय करावं माणसानं? तरातरा शेजारच्या तात्यांच्या घरात घुसले, चुलीपुढं बसले, पाणी मागून प्याले, वर भाकरी मागितली, कोरड्यासाबरोबर खाल्ली आणि मिशा पुसत आमच्या अंगणात परत आले. "आता पटलं?"

आईला ते अजिबात पटलं नव्हतं. उलट आता तिचा अपमान दुप्पट झाला होता. "तात्याच्यात जेवला, आन् माझ्यात पाणी न्हाई?"

"तात्याचं घर सिमिटाचं. ते माझं कोण?" आबा म्हणाले. "हे माझ्या लेकीचं घर हाय. लेकीला मूल हुईस्तवर बाप तिचा उंबरा वलांडत न्हाई, घरचं अन्नपाणी घेत न्हाई. रीतच हाय. ह्या घरात पाळणा हलू द्या, म्या जेवूनच जाईन."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी नेमका काहीतरी वाचत होतो.

"मग तहानेनं मरणार तुम्ही," ती म्हणाली. "ह्याला लग्नाला सवड न्हाई. क्रांती चाललीय."

पुढच्या दिवाळीनंतर आबा आले, तेव्हा आई दारातच उभी होती. "आत या. घरात बाळंतपण झालंय."

आबा दचकले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "कुणाचं?"

"शेळीचं. दोन करडं झाली."

आबांनी सायकल भिंतीला लावली आणि गंभीरपणे चौकशी सुरू केली. "कुठं व्याली?"

"थंडी हुती म्हणून घरात घेतली हुती."

"उंबऱ्याच्या आत का भाईर?"

"आत."

"पुरती आत?"

"आबा, शेळी अर्धी आत व्याती व्हय?"

आबा वाकून आत बघायला लागले. करडं खांबाला खेटून झोपली होती.  एखादा अवघड सांधा बसतो का बघताना त्यांचा चेहरा होतो, तसा झाला होता. मग त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत आले. पाटावर बसले. आईनं पिठलं-भाकरी वाढली. पहिला घास घेऊन म्हणाले, "नांदतीय चांगली." आईचा चेहरा असा फुलला, जणू खरोखर नातवंड झालं होतं.

दुसरी भाकरी वाढताना आईनं सहज विचारलं, "तुमची खरी लेक कुठं असती, आबा?"

इतक्या दिवसांत आम्हाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. ते घरांबद्दलच इतकं बोलत, की त्यांना माणसं असतील असं वाटतच नसे.

"कवठ्याला. येमाईच्या कवठ्याला. सुमन नाव तिचं."

"पोरंबाळं?"

"न्हाई झालं." आबा ताटाकडं बघत होते. "लई वर्सं झाली लग्नाला."

"म्हंजी तिच्याकडं तुम्ही..."

"जातो की. दर साली जातो. अंगणात बसतो, बोलतो, येतो. आदी तांब्या घेऊन यायची उंबऱ्यापतुर. म्हणायची, आबा, घोटभर तरी घ्या. आता आणत न्हाई." त्यांनी बोटानं ताटातलं मीठ इकडून तिकडं सारलं. "तिची माय असती तर गेली असती आत. बायकांचं चालतं."

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. ती कुणाचा मुलाहिजा ठेवणारी नाही.

"माझ्या शेळीसाठी रीत वाकिवली तुम्ही," ती म्हणाली, "आन् पोटच्या पोरीसाठी वाकत न्हाई?"

 आबा जेवले, ताट धुतलं, बिजागरीत तेल घालायचं विसरले आणि गेले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा आमच्याकडं येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवी टोपी. मला म्हणाले, "तुझी फटफटी चालती का, का तीबी नुसती वाचायचीच हाय?"

न्हावरं, शिरूर करत आम्ही कवठ्याला गेलो. एरवी आबा मागं बसले की वाटेतल्या प्रत्येक घराकडं बोट करत. ही उतरवायला झाली, हिचं वासं कुजलं. त्या दिवशी एकदाही हात उचलला नाही.

सुमनताई अंगणात कांदे निवडत बसली होती. बापाला बघून अर्धवट उठली. सवयीनंच म्हणाली, "या आबा. बाज टाकलीय, बसा." आणि पुन्हा कांद्यांकडं वळली.

आबा बाजेवर बसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ घरात शिरले.

सुमनताईच्या हातातले कांदे खाली पडले. ती धावत दारापाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"आबा, कोण गेलं?"

बाप आपल्या घरात पाऊल टाकतोय याचा दुसरा काही अर्थ तिला लावताच येईना.

"कोण न्हाई गेलं," आबा आतून म्हणाले. "तहान लागलीय. पाणी दे."

ती जागची हलली नाही. मग आत गेली, तांब्या भरून आणला. आबांनी भांडं घेतलं नाही. तांब्याच तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच. "अजून दे," म्हणाले. ती अजून आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आबा भिंतीला टेकून बसले. घर सिमेंटचं होतं. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

वाचकहो, तुमच्यात कुणी बाप असेल, आणि त्याची लेक कुठंतरी पाळण्याविना नांदत असेल, तर हे वाचून झाल्यावर त्यानं एस.टी. पकडावी. बाजेवर बसू नका. चपला काढा, आत जा, आणि ती पाणी देईल याची वाट बघू नका. तुम्ही मागा.