मनवेल सरांचा पडदा

मनवेल सर मुलाखत घेतात तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसतात. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मधोमध, नायलॉनच्या दोरीवर एक जाड हिरवा पडदा टांगलेला असतो. अलीकडे उमेदवाराची खुर्ची, पलीकडे सर. पडदा जमिनीपासून वीतभर वर राहतो, म्हणून मोजे घातलेली दोन पावलं दिसतात. उत्तर आवडलं तर उजव्या पायाचा अंगठा हलतो. माझी राज्यसेवेची मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती, आणि मी एका माणसाच्या अंगठ्याकडे बघून तयारी करत होते.

त्यांच्या सोसायटीच्या गेटवर एक कागद चिकटवलेला असे. 'मुलाखतीची तयारी. विनामूल्य. कृपया नाव सांगू नये.' आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या बाईंनी मला त्याचा फोटो दाखवला. शेवटच्या ओळीचा अर्थ त्यांनाही लागला नव्हता. पण मला जाणं भाग होतं. आमची चांदीप गावात भातशेती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मुलाखत म्हणजे काय हे विचारावं असं घरात कोणी नव्हतं. त्याआधी दादरच्या एका क्लासमध्ये मी एक सराव मुलाखत देऊन आले होते. तिथल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अभ्यास चांगला आहे. पण ते पानी-पानी बंद करा. मंडळासमोर बरं दिसत नाही." आम्ही घरी पानीच म्हणतो, लोनीच म्हणतो. तोवर त्यानं कोणाचं काही अडलं नव्हतं.

मनवेल सर शेती खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, घरातही इस्त्रीचा शर्ट. बोलणं इतकं शुद्ध की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. पहिल्या दिवशी मी दारातच म्हटलं, "नमस्कार सर, मी दर्श..."

"थांबा!" ते ओरडले. "नाव नको!"

मग एक कापडी पिशवी पुढे आली. आत हाउजीचे आकडे लिहिलेले ठोकळे. मी एक काढला. "एकेचाळीस," ते म्हणाले. "आजपुरत्या आपण एकेचाळीस. चपला बाहेर. चपलेवरून घरची परिस्थिती कळते. बांगड्या काढून ठेवा, वाजतात."

त्यांचा सिद्धांत साधा होता आणि ऐकताना पटायचाही. "लेखी उत्तरपत्रिकेत कुठेही नाव लिहिलं, तर काय होतं?"

"पेपर बाद होतो सर."

"मग मुलाखतीत पहिला प्रश्न कोणता?"

"नाव."

"दुसरा?"

"गाव."

"तिसरा वडील काय करतात! म्हणजे महिनोन्‌महिने जे झाकलं, ते पहिल्या मिनिटाला उघडं! माणूस बाजूला ठेवा, उत्तर पुढे करा. एवढंच माझं म्हणणं आहे."

इथवर ठीक. पुढे मात्र मुलाखत सुरू व्हायची. सरांच्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा असे. उत्तरातून उमेदवाराची काही ओळख बाहेर आली की पेल्यावर चमचा आपटून ते ओरडत, "गळलं!"

"फावल्या वेळात काय करता?"

"रविवारी आईबरोबर शेतावर..."

टण्! "गळलं! वडील गळले!"

"सर, मी आईबद्दल बोलत होते."

"आईबरोबर वडीलही गळले. पुढे."

आचोळ्याचा रोहन माझ्याबरोबर यायचा. वडील रिक्षा चालवतात, हे त्यानं बाहेर जिन्यात सांगितलं होतं. आत त्याला एकदा विचारलं, "शहरातली वाहतूक कशी सुधाराल?" बिचाऱ्याला हा विषय पाठ. रिक्षा स्टँड, मीटर, शेअरचे मार्ग, सगळं घडाघडा बोलला. दोन मिनिटांत सात वेळा पेला वाजला.

"सर, मग बोलायचं काय?" रोहन वैतागला. "श्वास घेऊ का, की तोपण गळेल?"

"घ्या. पण जोरात नको. दमा आहे का ते कळतं."

"अहो सर, पर्सनॅलिटी टेस्ट आहे ना? सगळंच काढून टाकलं तर पर्सनॅलिटी राहिली कुठे?"

पडद्याखाली अंगठा हलला. "हाच प्रश्न मी किती वर्षं विचारतोय. काय मोजतात ते? आणि कशानं?"

उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. आम्हाला प्रश्नांची गरज नव्हती, उत्तरांची होती. पण हे त्यांना सांगणार कोण?

फिलोमिना काकू, म्हणजे सरांची बायको, पडद्याखालून चहाचा कप सरकवायच्या. एकदा स्वयंपाकघरात मी त्यांना विचारलं, "काकू, हे सरांना सुचलं कुठून?"

"देवळातून, बाय. आमच्यात कुमसार असतो ना, पापं सांगायचा? मध्ये जाळी असते. फादरला आवाज येतो, माणूस दिसत नाही. ह्यांना वाटतं जगात तेवढी एकच मुलाखत सरळ होते." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "गेल्या नाताळात माझा भाऊ आला केक घेऊन. ह्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, 'सहासष्ट, आत या.' तो अजून बोलत नाही आमच्याशी."

मला हसू यायचं, पण घरी परत जाताना रागही यायचा. माझी खरी अडचण वेगळी होती. चार माणसं समोर बसून माझ्याकडे बघत असली की मला बोलता येत नाही. मला चेहऱ्यांची सवय हवी होती, आणि मला मिळाले होते मोजे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "वसई-विरारला दर उन्हाळ्यात टँकर का लागतात?" हे मला नीट येत होतं. धरणातून येणारं, बोअरचं, वाढलेल्या इमारतींचं, सगळं मी सांगितलं. सांगता सांगता तो शब्द आलाच. पानी. एकदा नाही, चार-पाचदा. मी पेला वाजायची वाट बघत होते. ह्याहून मोठं काय गळणार होतं? त्या एका अक्षरात आमचं गाव, शेत, आई, सगळं होतं.

पेला वाजला नाही. पावलं खुर्चीखाली मागे गेली आणि दिसेनाशी झाली.

"पुढे," सर म्हणाले.

तीन दिवस असंच झालं. रोहन जिन्यात म्हणाला, "काय यार, माझा श्वास गळतो आणि तुझं पानी गळत नाही? पार्शलिटी आहे ही."

चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलंच. "सर, माझा ण सुधारायला हवा का? दादरच्या सरांनी सांगितलंय. तुमचा इतका चांगला आहे. तुम्ही शिकवाल?"

"पडदा चेहरा झाकतो. आवाज झाकत नाही. ही त्याची त्रुटी आहे," ते म्हणाले. "मी विचार करतो."

त्यांनी विचार केला. पुढच्या वेळी गेले तर पडद्याखालून एक वही आणि पेन सरकत आलं. "आजपासून उत्तरं लिहून द्यायची. आवाजही नको."

माझ्या मुलाखतीला पाच दिवस राहिले होते. रोहन त्या दिवशी आला नव्हता. मी वहीकडे बघितलं. मला वाटतं, तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. मी मोठ्यांशी आवाज चढवून बोलत नाही, पण म्हणाले, "सर, लेखी परीक्षा मी पास झालेय! ही पुन्हा लेखीच झाली! मला बोलायला कोन शिकवनार?" आणि उठून पडदा ओढला.

मला तो बाजूला करायचा होता. पण दोरी जुनी होती. ती तुटली आणि सगळा पडदा सरांच्या अंगावर पडला, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. पेला खाली घरंगळला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी पडदा काढला नाही. आतूनच आवाज आला.

"ती आमच्या बंदरावरची होती."

"कोन, सर?"

"एका नोकरभरतीला मला मंडळावर बसवलं होतं. खात्याचा माणूस म्हणून. एकदाच. तिची आई आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. पोरगी आत आली, मला ओळखलं, आणि दाखवलं नाही. शहाणी होती. ओळखीचा उमेदवार असला तर अध्यक्षांना सांगून उठायचं असतं."

"मग तुम्ही उठलात?"

"उठलो असतो तर ओळख कुठली, हे सांगावं लागलं असतं. ऑफिसात मी बंदराचं नाव काढलं नव्हतं. 'वसईचा' एवढंच म्हणायचो. रात्रंदिवस घोटून ण बसवला होता मी." पडदा थोडा हलला. "तिला पाणीपुरवठ्यावर विचारलं. उत्तर पक्कं होतं. पण सगळं पानी, पानी. बाकीचे दोघे हसले. मीही हसलो, बाय. मान खाली घालून, कागदात बघत. वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती."

मी खाली पडलेला पेला उचलला.

"नंतर एक जण म्हणाला, व्यक्तिमत्त्व कच्चं आहे. मी हो म्हटलं. यादीत ती नव्हती. किती थोडक्यात गेली, ते मी विचारलं नाही. अजून विचारलं नाही."

"एवढी वर्षं मला बोलला नाहीत," काकू म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला त्यांची दया यायला हवी होती. पण आधी राग आला. त्या मुलीच्या खुर्चीत पाच दिवसांनी मी बसणार होते. तिथेही कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घातलेलं असणार होतं.

"मला पडदा नको, सर," मी म्हटलं. "मला ण हवाय."

त्यांनी पडदा डोक्यावरून खाली घेतला. केस विस्कटले होते. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा असा जवळून बघितलाच नव्हता. फार म्हातारे दिसत होते.

"तुला 'आहेस तशीच बोल' म्हणायला हवं मी," ते म्हणाले. "न्याय तोच. पण यादीत तुझं नाव नसलं तर?" मग खुर्ची पुढे ओढून माझ्यासमोर बसले. "जीभ मागे वळव. टाळूला लाव. आता सोड. बाण."

"बान."

"वळव अजून. घाई नको. मला दोन वर्षं लागली होती."

चार दिवस आम्ही समोरासमोर बसून बाण, लोणी, आणि, कोण, पाणी म्हणत होतो. घरी मी भांडी घासताना म्हणायचे. आई म्हणाली, "कोनाशी बोलतेस गं?" शेवटच्या दिवशी सलग वीस वेळा बरोबर आलं. सर "बरोबर" म्हणाले, पण आनंद झाल्यासारखे दिसले नाहीत.

मुलाखत बरी झाली. चार जण होते. पहिली उत्तरं मी सांभाळून सांभाळून दिली, प्रत्येक ण जागेवर. मग मधल्या बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या गावात घरोघरी नळ आले का?" मला आईचा हंडा दिसला आणि मी सगळं विसरले. "नळ आलेत मॅडम, पन पानी दिवसाआड येतं..." पुढचं उत्तर मी पूर्ण दिलं, चांगलं दिलं. पण तो शब्द निघाला तेव्हा उजव्या टोकाला बसलेल्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि कागदात बघितलं. मला त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. ते हसत होते, की काही लिहीत होते, मला सांगता येणार नाही. मी खूप वेळा आठवून बघितलंय.

परतताना मी आधी घरी न जाता एव्हरशाईनला गेले. दार सरांनीच उघडलं. मला वाटलं, प्रश्न विचारतील, काय विचारलं, काय सांगितलं. त्यांनी मला आतही घेतलं नाही.

"निघाला का शब्द?"

"निघाला, सर. शेवटी."

"हसलं कोणी?"

"नाही."

"मान खाली घालून? कागदात बघत?"

त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. निकाल लागायचा होता, आणि लागेल तेव्हा लागेल. त्या घरात खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"नाही सर," मी म्हटलं. "सगळे माझ्याकडेच बघत होते."

त्यांनी कडीवरचा हात काढला. मग "बस, चहा घे" म्हणाले आणि आत गेले. मी खुर्चीवर बसले. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. काकूंना हळूच सांगत होते, त्यांना वाटलं मला ऐकू येणार नाही.

"कोनी नाय हसला," सर म्हणाले. "कोनी पन नाय."