दीड घाण्याचा इतिहास

तिसऱ्या दिवशी दुपारी अशितेईने कानावरचे हेडफोन काढले, लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात वर केले, तेव्हा डॉक्टर यायरा अमेनुवोरला उभ्याउभ्या नाचावंसं वाटलं.

"मी हरलो," तो म्हणाला. "तीन दिवस हवेतून तुमचा प्रत्येक संदेश पकडला. आत नुसता कचरा दिसतो. मंडळाने मला पैसे फोडाफोडीचे दिलेत, पण हे काही फुटत नाही."

घानाभर प्रश्नपत्रिका फुटायच्या आणि परीक्षा मंडळाची अब्रू दरवर्षी वेशीवर टांगली जायची. म्हणून होहोएच्या या छोट्या प्रयोगशाळेत यायराने दोन वर्षं खपून एक यंत्रणा बांधली होती. इथली पेटी प्रश्नपत्रिकेला कुलूप घालून रेडिओवरून टेकडीपलीकडच्या शाळेत पाठवायची, तिथली पेटी ते कुलूप उघडायची. चाचणी साधी होती. आक्राहून आलेले मंडळाचे आपेया साहेब रोज सकाळी सहा विषयांतला एक पेपर निवडणार, तो पाठवला जाणार, आणि तो कुठल्या विषयाचा होता एवढंच अशितेईने ओळखायचं. ओळखला, तर प्रयोगशाळा बंद आणि यायरासकट चौघं घरी.

"मंजुरीची सही जेवून करतो," आपेया साहेब म्हणाले. "रिकाम्या पोटी मी पावतीवरसुद्धा सही करत नाही."

फाटकासमोर अक्पेने आंटीचं केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, आणि तळलेल्या माशांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कढई, चार स्टुलं आणि आंटी. साहेब, यायरा, अशितेई आणि यायराचा मदतनीस एलिकेम असे चौघं तिथे टेकले.

"या, बसा," आंटी म्हणाली. "आज इतिहास होता ना?"

साहेबांचा हात मिरचीच्या वाटीवर थांबला.

"काय होता?"

"इतिहास. काल भूगोल, परवा गणित. परवा एलिकेम जेवायला आलाच नाही, गणितात कुठे भूक लागते!"

यायरा गर्रकन वळली. तिने एलिकेमकडे पाहिलं. एलिकेमचा चेहरा पार उतरला होता.

"डॉक, माझ्या आईची शपथ! मी एक शब्द बोललो नाही!"

"त्याला कशाला रागावतेस पोरी?" आंटीने झारा वर करून प्रयोगशाळेच्या ओसरीकडे दाखवलं. "तो हिरवा दिवा बघते मी."

दिवा यायरानेच लावून घेतला होता. संदेश जात असेपर्यंत तो पेटलेला राहायचा. पाहुण्यांना काम चालू दिसावं ही तिचीच हौस होती, आणि तारवाल्याने नको नको म्हटलं तरी तिने हट्टाने तो दर्शनी भागात बसवला होता.

"गणिताला अर्धा घाणा लागतो," आंटी सांगू लागली. "मासे उलटायच्या आत दिवा गेला की गणित. इतिहासाला दीड घाणा. भूगोलात नकाशे असतात म्हणे, सगळ्यात जास्त, तीन घाणे होईस्तो दिवा जळतो. गेले सहा महिने तुम्ही हेच सहा पेपर पुन्हा पुन्हा पाठवताय. तेव्हा हा एलिकेम इथे बसून कुरकुरायचा, 'आज पुन्हा नकाशे, आंटी.' मी काय, दिव्यावरून तळणीचा बेत ठरवते. दिवा जास्त जळला की पोरं जास्त भुकेली येतात."

"आणि हे तू कोणाला बोललीस?" यायराने विचारलं.

"या पाहुण्यालाच रोज सांगतेय की! परवा म्हटलं, गणित आहे, बाळा. काल म्हटलं, भूगोल. हा कानाला ती टोपणं लावून जेवतो. मला वाटलं, मोठ्या शहरातला आहे, गर्विष्ठ असेल."

अशितेईने गळ्यातले हेडफोन हळूच खिशात कोंबायचा प्रयत्न केला. ते खिशात मावत नव्हते.

आपेया साहेबांनी पेनाला टोपण लावलं. दोन वर्षं यायराने मजकुराला कुलपावर कुलूप घातलं होतं, आणि मजकूर केवढा लांब आहे हे मात्र चव्हाट्यावर दिवा लावून सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं.

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, साहेब," ती कशीबशी म्हणाली.

"दिला. पण उद्या अशितेई बसणार नाही." साहेबांनी कढईकडे बोट केलं. "या बसतील."

"मला धंदा आहे," आंटी म्हणाली.

"घाणे तळतच बसा."

संध्याकाळपर्यंत यायरा आणि एलिकेम कामात गढले होते. प्रत्येक पेपराच्या शेपटाला निरर्थक भरताड जोडायची, म्हणजे गणित असो की इतिहास, सगळे भूगोलाएवढे लांब. दिवा काढून टाकणं सोपं होतं, पण दिवा नसला तरी अशितेईसारखा कुणी हवेत कान लावून वेळ मोजणारच, हे यायराला आता कळलं होतं. दिवा तिने मुद्दाम तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकासमोर शेजारचं निम्मं मोटारस्थानक गोळा झालं. दिवा पेटला. आंटीने मासे सोडले. एक घाणा निघाला, दुसरा निघाला. तिसरा घाणा बाहेर आला आणि दिवा विझला.

"पुन्हा पाठवा, दुसरा पेपर," साहेब म्हणाले. पुन्हा बरोबर तीन घाणे. आंटीने झारा ठेवला, पदराला हात पुसावेत तसे कमरेच्या कापडाला पुसले आणि मान हलवली.

"दिव्यावरून नाही सांगता येत. दोन्ही सारखेच जळले."

एलिकेमने आरोळी ठोकली. साहेबांनी पेन काढलं. यायराचे डोळे भरून आले.

"पण पहिला जीवशास्त्राचा होता," आंटी म्हणाली.

साहेब ताडकन उठले, स्टूल मागे पडलं.

"अशक्य! मी स्वतः सकाळी निवडला! कुणाला दाखवला नाही!"

"दाखवला नाही, पण सकाळी केंकी खाता खाता तुम्ही मला विचारलंत, माशाच्या हृदयाला कप्पे किती? मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग तुम्ही विचारलंत, कल्ल्यांचा उपयोग काय? तीस वर्षं मासे तळतेय, साहेब. एकाही गिऱ्हाइकाने हृदयाचे कप्पे विचारले नव्हते."

आपेया साहेब पूर्वी हेडमास्तर होते. पेपर वाचला की समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांचा चेहरा कालच्या एलिकेमसारखा पार उतरला. सगळं मोटारस्थानक त्यांच्याकडे पाहत होतं.

यायराने घसा साफ केला. "म्हणजे साहेब, अहवालात असं लिहू का, की यंत्रणेतून काही फुटलं नाही, फुटलं ते..."

"यंत्रणेतून काही फुटलं नाही!" साहेब घाईघाईने म्हणाले. "तेवढंच लिहा. तिथेच पूर्णविराम द्या."

उभ्याउभ्या, रिकाम्या पोटी, त्यांनी मंजुरीच्या तिन्ही प्रतींवर सह्या केल्या. मग पडलेलं स्टूल उचलून ते बसले. आंटीने विचारलं, "काय देऊ?" साहेबांनी ओठ घट्ट मिटले आणि माशांकडे नुसतं बोट दाखवलं.