चार इंच चरबी

राजाभाऊ नॉर्वेहून परत आल्यापासून मुनाफला जेवण गोड लागत नव्हतं.

रियाधच्या त्या बिल्डिंगमध्ये थंडी हा विषय मुनाफचा होता. रत्नागिरीहून आला त्याला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून तो अल सुलैच्या एका गोदामात फ्रोझन चिकन सांभाळत होता. दर शुक्रवारी चार घरं जेवायला जमली की हात चोळत सुरू करायचा, "फ्रीझरात काल उणे वीस! मिशी कडक झाली माझी." आणि बाहेरच्या सेहेचाळीस डिग्रीत भाजून आलेली माणसं घास हातात धरून ऐकायची. पण तिसऱ्या मजल्यावरचे राजाभाऊ, पुण्याचे, पेट्रोकेमिकलवाले, ट्रेनिंगला म्हणून नॉर्वेला गेले काय, तिथून बोटीनं आणखी वर गेले काय आणि पोलर बेअर बघून आले काय. खलास. मिशीला कोण विचारतो?

"पांढराशुभ्र, मुनाफभाई! सील कुठे लपलाय ते मैलावरून वासानं कळतं त्याला!" राजाभाऊ बिर्याणीचा चमचा हवेत फिरवत सांगायचे. फोटोही दाखवायचे. फोटोत बर्फ होता, त्याच्यापुढे बर्फ होता आणि लांब कोपऱ्यात एक पिवळट ठिपका होता.

"ह्यो अस्वल?" मुनाफ म्हणाला. "बटाटा वाटतो."

कोणी हसलं नाही. उलट अमिरुन्निसा, त्याची स्वतःची बायको, म्हणाली, "तुम्ही गप बसा हो. भाऊजी, पुढे काय झालं?"

मुनाफनं लेकीचं लायब्ररीचं पुस्तक पाठ केलं. पुढच्या शुक्रवारी जाहीर केलं, "त्याचे केस पांढरे नसतातच. आरपार असतात. आतली कातडी काळीकुट्ट."

"असेल," राजाभाऊ म्हणाले. "पण मी बघितलाय ना."

मुनाफ बिर्याणीतली लवंग शोधायला लागला.

हे सगळं त्यानं गिळलंही असतं. पण पाचवीतल्या लेकीच्या, लाइबाच्या शाळेत आर्क्टिक डे निघाला. प्रत्येक मुलानं एकेक मोठा माणूस आणायचा, त्यानं बोलायचं. लाइबानं नाव दिलं राजाभाऊ अंकलचं.

"आणि मी? मी काय वाळवंटात बसतो?"

"अब्बा, आप तो सिर्फ चिकन देखते हो," लाइबा शांतपणे म्हणाली. "अंकलने बेअर देखा है."

मुनाफ सरळ तिसऱ्या मजल्यावर. "राजाभाऊ, हिटरवाल्या बोटीतून अस्वल कोण पण बघेल. अस्वलाच्या हवेत उभं राहून दाखवा. माझा फ्रीझर, जॅकेट नाही. जो आधी दरवाजा ढकलेल तो हरला. जिंकेल तो शाळेत जाणार."

राजाभाऊंनी पोटावर थाप मारली. "चालेल की!"

त्या थापेनं मुनाफला लायब्ररीचं पुस्तक आठवलं. पुस्तकात लिहिलं होतं, अस्वलाला बर्फात तारते ती चरबी, चांगली चार इंच जाड. राजाभाऊंकडे ती घरचीच होती. मुनाफच्या बरगड्या शर्टावरून मोजता यायच्या. शिवाय एक गोष्ट त्याला आणि गोदामाच्या वॉचमन खुर्शीदलाच माहीत होती. अठरातली अकरा वर्षं मुनाफ फ्रीझरबाहेरच्या केबिनमध्ये बसून, चहा पीत, काचेतून थंडी बघत होता.

शुक्रवारी सकाळी तो बनियनवर उभा राहिला. समोर पाच किलो वनस्पती तूप, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पार्सलची चिकटपट्टी.

"बांध," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय तुमचं," अमिरुन्निसा म्हणाली.

"अगो, विज्ञान आहे ते!"

तिनं बांधलं. छातीवर दोन, पोटावर तीन, कमरेला गोल. वरून सैल कुर्ता.

दुपारी राजाभाऊंच्या गाडीतून निघाले. मागे लाइबा. "एसी जरा बंद ठेवतो हं," राजाभाऊ म्हणाले. "इंजिन तापतंय."

तूप पातळ झालं. वळणावर डुचमळलं. तिसऱ्या वळणावर एक पिशवी फुटली आणि कोमट धार डाव्या गुडघ्याकडे निघाली.

"कसला आवाज येतोय?"

"पोट माझं. उपाशी आहे."

"अब्बा," लाइबा मागून म्हणाली, "पराठे की स्मेल आ रही है."

गेटवर खुर्शीद उठून उभा राहिला. "अरे मुनाफभाई, सेहत बन गई आपकी! अंदर जाओगे? आप? कितने साल बाद..."

"यल्ला, दरवाजा खोल!"

लाइबा काचेबाहेर घड्याळ धरून बसली. आत पहिली दोन मिनिटं राजाभाऊ अस्वलं किती पोहतात ते सांगत होते. तिसऱ्या मिनिटाला सांगायचे थांबले. पाचव्याला जागेवर नाचायला लागले. मुनाफचे कान जळत होते, पण छातीला कसं उबदार! त्यानं मुद्दाम जांभई दिली.

"बास!" सहाव्या मिनिटाला राजाभाऊंनी दरवाजा ढकलला आणि बाहेर पळाले.

मुनाफ जिंकला होता. आता फक्त ऐटीत चालत बाहेर यायचं. त्यानं पाऊल उचललं, पाऊल आलं नाही. गळलेलं तूप कमरेपासून मोज्यापर्यंत घट्ट गोठलं होतं. गुडघा वाकेना.

"मुनाफभाई, या की आता!"

"मला आवडतंय इथे."

शेवटी खुर्शीदनं खोकी वाहायची हातगाडी आणली आणि मुनाफला कपाटासारखा तिरका करून अंगणात उन्हात नेऊन उभा केला.

उन्हानं आपलं काम केलं. आधी एक थेंब पडला. मग पायजम्याच्या दोन्ही पायांतून धार लागली. गोदामाची दोन मांजरं आली आणि त्याचा बूट चाटायला लागली.

"हे काय?" राजाभाऊंनी हळूच विचारलं.

"चरबी," मुनाफ म्हणाला. लाइबाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"ब्लबर!" लाइबा किंचाळली. "अब्बा, ये तो पूरा एक्सपेरिमेंट है! अंकलने सिर्फ बेअर देखा, मेरे अब्बा तो खुद बेअर हैं!"

राजाभाऊंनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. एवढी वर्षं सांभाळलं, कोणी कधी एक्सपेरिमेंट म्हटलं नव्हतं.

आर्क्टिक डेला मुनाफ स्टेजवर उभा होता. अंगावर पांढरी चादर, आत ताज्या पिशव्या, हात बर्फाच्या बादलीत, गळ्यात पाटी: पोलर बेअर, नर. आणि शेजारी, हातात छडी घेऊन, राजाभाऊ. कारण लाइबाचं म्हणणं पडलं, बेअर बोलत नाही, कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे.

"याचे हे पांढरेशुभ्र केस..." राजाभाऊंनी छडी लावली.

"आरपार असतात," अस्वल म्हणालं.

"अस्वलानं गप बसायचं असतं, मुनाफभाई," राजाभाऊ दातांतल्या दातांत म्हणाले आणि छडी जरा जोरात टोचली.

हॉल हसून लोळला. पोरं बाकावर चढली. "वो बेअर मेरे अब्बा हैं!" लाइबा सगळ्यांना ओरडून सांगत होती.

पहिल्या रांगेत लाइबाच्या वर्गातल्या शर्विलचे पप्पा बसले होते. नुकतेच ग्लेशियरवर बत्तीस स्लाइड दाखवून उतरलेले. टाळी वाजवत नव्हते. त्यांच्या तोंडाकडे बघताच मुनाफला कळलं की यांना आता महिनाभर जेवण गोड लागणार नाही. त्यानं बादलीतून एक हात काढला आणि फार प्रेमानं त्यांना हलवून दाखवला.