सरफराजने निवडलेली सोपी वाट

"म्हंजे दोर वरनं बांधलेलाच नसतो?" जमीलांनी विचारलं. भाकरी तव्यात पडायची ती त्यांच्या हातातच राहिली.

सरफराजने बहिणीकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. अठरा वर्षांची झाली तरी कुठं गप्प बसावं हे फौजियाला कळत नव्हतं. आतापर्यंत ती कडे चढली होती ते वरून सोडलेल्या दोराला बांधून. पाय सुटला तरी जागच्या जागी लोंबकळायचं, एवढंच. येत्या रविवारी मात्र ती पहिल्यांदाच आघाडीला जाणार होती. म्हणजे दोर खालून आपणच वर न्यायचा, कड्यात ठोकलेल्या बोल्टांत एकेक करत अडकवायचा आणि मध्येच हात सुटला तर मागच्या बोल्टाच्याही खाली यायचं. हे सगळं तिनं अम्मीला भिंतीवरच्या खिळ्यांवरून बोट फिरवत हौसेनं समजावून सांगितलं होतं.

"अम्मी, वाट सोपी हाय. मी सोता निवडलीय," सरफराज म्हणाला.

"ती घाबरून घरी आली ना, तर दोर, कड्या, समदं बंबात घालीन. मग पुन्यांदा डोंगराचं नाव न्हाई."

जमीला बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या. फौजियाचा चेहरा उतरला. गेलं वर्षभर ती या रविवारासाठी खिडकीच्या चौकटीला लोंबकळून बोटं बळकट करत होती.

सरफराजचं भोरात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. कड्यात ड्रिल मारून बोल्ट बसवण्यात त्याचा हात धरणारा त्याच्या गिर्यारोहण क्लबात कुणी नव्हता. पुण्याच्या शिबिरात लिहून घेतलेली वहीही त्यानं जपून ठेवली होती. नवख्याची वाट कशी हवी? कडा जरा मागं कललेला हवा, पकडी मोठ्या हव्यात, बोल्ट जवळजवळ हवेत आणि खाली आपटायला कट्टा नको. ही वही घेऊन तो गुंजवण्याच्या वरच्या अंगाला हिंडला होता. पहिल्या कड्यावर आग्या मोहोळ निघालं. दुसऱ्याचं पोट पुढं आलेलं होतं. तिसऱ्यासमोर तो मान वर करून उभा असताना बैल घेऊन पायथ्याच्या वाडीतले कोंडिबा आले.

"मामा, ही वाट कशी हाय चढाया?"

"लई सोपी. आमची म्हातारी जाती की वर, गवताला."

याहून मोठा दाखला कुठला आणायचा? सरफराजनं वही मिटली. पुढच्या दोन रविवारी तो वरून दोरानं उतरत आला, बोल्ट ठोकत आला आणि शिबिरातल्या नियमाप्रमाणे वाट साफही करत आला. हलणारे दगड काढले, वाळलं गवत उपटलं. मध्यावर एका कपारीत जुनं, काळं पडलेलं लाकूड अडकलं होतं. ते निघता निघेना, तेव्हा हातोड्यानं ठोकून काढलं आणि खाली टाकलं. लाकूड बाभळीचं होतं. कोंडिबांनी त्याच्यावर चहा केला आणि दोघांनी दोन दोन कप घेतला. या गडबडीत एकच गोष्ट राहून गेली, ती म्हणजे वाट स्वतः चढून बघणं.

रविवारी सकाळी फौजियानं दोर धरला आणि वाट बिनघोर आहे हे दाखवायचं म्हणून सरफराज आधी निघाला. दोन बोल्ट झपाझप झाले. तिसरा समोर दिसत होता, पण त्याच्यापर्यंत पोचायला हाताला काहीच लागेना. त्यानं उजवीकडे चाचपलं, डावीकडे चाचपलं.

"भाई, सोपी हाय ना?" खालून प्रश्न आला.

"हो," तो म्हणाला आणि सुटला.

दोर फौजियानं पक्का धरला होता, पण तिचं वजन त्याच्या निम्म्यानं. तो खाली आला, ती वर गेली आणि अर्ध्या वाटेत भावाबहिणीची गाठ पडली. फौजियाचा रंग उडाला होता. सरफराजला डोळ्यांसमोर बंब दिसू लागला.

तेवढ्यात कोंडिबांबरोबर त्यांची आई, बाळाबाई, विळा कमरेला खोचून आल्या. सत्तरी उलटलेली, अनवाणी, कासोटा घट्ट मारलेला. "सरका रं," म्हणाल्या आणि दोर-बीर काही न बघता कड्याला लागल्या. उंबऱ्यातून घरात जावं तशा वर गेल्या. मध्यावर थांबल्या. हात कपारीत घालून चाचपत राहिल्या.

"हितली खुंटी कुनी काढली?"

"माज्या सासूबाईनं ठोकलेली. चार सुना चडल्या तिच्यावरनं."

कोंडिबांनी चहाच्या चुलीच्या दगडांकडे पाहिलं. सरफराजनंही पाहिलं.

"मामा, तुमी तर वाट सोपी म्हनला व्हता."

"ऐकीव व्हतं," कोंडिबा हळूच म्हणाले. "वरचं गवात बायांचं असतंय. गडीमानूस कशाला चडंल तितं? म्या जन्मात चडलो न्हाई." जरा थांबून त्यांनी जोडलं, "पर चा झ्याक झाला व्हता."

सरफराजला आता बाळाबाईंची काळजी लागली. दोर वर नेऊन त्यांना उतरवावं म्हणून त्यानं गाठ सोडायला घेतली.

"खुंटी गेली, भोक तर हाय," वरून आवाज आला. बाळाबाईंनी हात कपारीत खुपसला, आत मूठ वळून पाचरीसारखी बसवली, तिच्यावर सारं अंग तोललं आणि सावकाश वर निघून गेल्या. जणू कड्यानं आतून त्यांचा हात धरला होता. सरफराजच्या हातातली गाठ तशीच राहिली. हीच मूठ शिबिरात तीन दिवस शिकवली होती आणि त्याला शेवटपर्यंत जमली नव्हती. ड्रिल, बोल्ट, वही, सगळं त्याला एकदम पोरकट वाटलं. अशी माणसं डोंगराखाली राहतात आणि आपण त्यांना वाट सोपी का अवघड विचारतो, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

"भाई, मला बांध," फौजिया म्हणाली. तिची नजर वरून हलली नव्हती.

पहिला बोल्ट झाला. दुसरा झाला. कपारीशी ती थांबली, तेव्हा बाळाबाई वरून ओणवून बघत होत्या.

"मूठ वळ, पोरी. आता भ्या सोड, हात सोडू नगंस."

फौजियानं मूठ वळली. तिसरा बोल्ट झाला, चौथा झाला आणि ती गवतात दिसेनाशी झाली. सरफराजनं दोर धरलेल्या हातांनीच डोळे पुसले.

दोघी गवत कापून मागच्या पायवाटेनं उतरल्या, तेव्हा सरफराजनं अदबीनं विचारलं, "आजी, पुढच्या टायमाला वाटा तुमीच निवडून द्याल का? त्यो शेजारचा कडा कसा हाय?"

बाळाबाईंनी त्या कड्याकडे एकदाच पाहिलं. "त्यो लई अवगड."

"पन पकडी तर मोठाल्या हायती."

"वर गवातच न्हाई. रिकाम्या हातानं परत यायचं लई जड जातंय, बाबा."

सरफराजनं वही काढली आणि हे लिहून घेतलं.

संध्याकाळी जमीला बंब पेटवूनच दारात उभ्या होत्या. मोटारसायकल थांबली. फौजियाचे गुडघे सोलवटले होते, मुठीवर साल राहिली नव्हती आणि पाठीशी गवताचा भारा होता. अंगणातली शेळी दावं ताणून ओरडू लागली. जमीलांनी भारा उतरवून घेतला, एक काडी मोडून दातांखाली धरली आणि लेकीकडे पाहिलं.

"गवताला गेली व्हतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "मग तसं सांगायचं की. दोर, बोल्ट कशाला सांगत बसलीस?"

फौजियानं तोंड उघडलं. सरफराजनं तिचा पाय दाबला. या वेळी तिला कळलं.

"पुडच्या रविवारी दोन भारं आन," जमीला म्हणाल्या आणि शेळीकडे वळल्या.